घरचा दिवा कोणाच्या आज्ञेंत?

दिवेलागणीची वेळ झाली म्हणजे घरांतील वडील माणसानें उठावें, दिवा लावावा आणि मग मुलांनीं प्रार्थनेला वा अभ्यासाला बसावें, ही आपल्याकडील जुनी रीत. दिवा प्रथम तेलावातीचा होता, पुढें घासलेटचा झाला, नंतर विजेचा आला. परंतु एवढ्या स्थित्यंतरांतही एक गोष्ट कायम राहिली. ज्याला उजेड हवा त्यानें हात पुढें करावा आणि उजेड व्हावा, इतका तो व्यवहार सरळ होता. काडी ओढतां येणारें पोर काय किंवा बटण दाबतां येणारी म्हातारी काय, दिव्यावर दोघांचीही सत्ता सारखीच चाले. अलीकडे आपल्या नाशकांतील पुष्कळ घरांत जो नवा दिवा आला आहे, त्यानें मात्र या व्यवहारांत फरक पाडला आहे. बाजारांत त्याला 'स्मार्ट बल्ब' म्हणतात. तो मोबाईलवरून लावतां येतो, त्याचा उजेड मंद किंवा प्रखर करतां येतो, रंग पालटतां येतो, ठरल्या वेळीं तो आपला आपण लागतो व विझतो. आणि कधीं कधीं तो कोणाचेंच ऐकत नाहीं. या शेवटच्या गुणाविषयीं, आणि त्यावरून सुचलेल्या एका विचाराविषयीं, विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढें चार शब्द ठेवण्याचें योजिलें आहे.

गेल्या वर्षीं लग्नसराईच्या दिवसांतील गोष्ट. प्रस्तुत लेखकाच्या घरीं चिरंजीवांनीं मोठ्या हौसेनें असे सहा दिवे बसविले होते. हे दिवे सदा विजेच्या प्रवाहांत असले तरच मोबाईलचें ऐकतात. कोणीं भिंतीवरील बटण बंद केलें कीं ते मुके होतात. म्हणून चिरंजीवांनीं प्रत्येक बटणावर चिकटपट्टी लावून 'हात लावूं नये' असें सुवाच्य अक्षरांत लिहून ठेविलें. शिवाय घरांतून सर्व मंडळी बाहेर पडली कीं दिवे आपोआप विझावे, अशीही योजना करून ठेविली. एका संध्याकाळीं आम्ही सर्वजण गंगापूर रोडवर एका लग्नाच्या भोजनास गेलों. मातोश्रींचें वय ब्यायशीं. "मला नको रे ती गर्दी" असें म्हणून त्या घरींच राहिल्या. दोन-अडीच तासांनीं परत आलों, तों फाटकाशीं गाडी थांबतांच घरांतले दिवे एकामागून एक लागले. धाकट्या मुलीनें टाळ्या पिटल्या. आंत जाऊन पाहतों तों मातोश्री आम्ही निघालों तेव्हां ज्या खुर्चींत बसल्या होत्या त्याच खुर्चींत, हात मांडीवर ठेवून, बसलेल्या. जेवणाचें ताट झांकलेलें तसेंच होतें.

"आजी, जेवली नाहींस का अजून?" नातवानें विचारलें.

"अरे, तुम्ही गेलांत आणि लगेच दिवे गेले. आतां आले बघ, तुम्ही आलांत तसे."

"पण वीज गेली नव्हती, आजी. शेजारीं दिवे दिसले नाहींत का तुला?"

"दिसले रे. म्हटलें, आपलेच गेले असतील. बटण दाबून बघावें असें मनांतही आलें. पण हात लावूं नये असें तूंच ना लिहून ठेवलेंस?"

क्षणभर कोणी कांहीं बोललें नाहीं. दिव्यांत कांहींच बिघाड नव्हता. घर रिकामें झालें कीं विझावें, ही आज्ञा त्यांनीं तंतोतंत पाळली होती. परंतु यंत्र माणसें मोजीत नाहीं, मोबाईल मोजतें. आणि मातोश्रींपाशीं मोबाईल नाहीं. त्या गणतीप्रमाणें घर रिकामेंच होतें.

हा प्रकार घडल्यापासून या दिव्यांविषयीं प्रस्तुत लेखकानें थोडी चौकशी केली, थोडें वाचलें, आणि कांहीं स्वतःच्या हातानें करून पाहिलें. त्यावरून असें मत झालें कीं, या दिव्यांना लहरी म्हणणें अन्यायाचें आहे. त्यांच्या प्रत्येक लहरीला कारण असतें, आणि तें कारण पुष्कळ वेळां शाळकरी मुलालाही शोधून काढतां येण्याजोगें असतें. कोणी म्हणतात, दिव्यांत कांहीं बाधा शिरली. कोणी चिडून तो काढून टाकतात व दुसरा आणतात. कोणी सर्व बटणें दहा वेळां खालींवर करून पाहतात. या तिन्ही उपायांनीं ज्ञान वाढत नाहीं, आणि तिसऱ्यानें तर दुखणें वाढण्याचाच संभव असतो. तो कसा, तें पुढें येईल.

प्रथम हा दिवा आहे तरी काय, तें पाहूं. याचें पोट उघडलें तर त्यांत तीन वस्तु सांपडतात. पहिली, उजेड देणारे बारीक एल.ई.डी. कण, दुसरी, घरांत येणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेला त्या कणांस सोसेल असें रूप देणारें लहानसें मंडल, आणि तिसरी, एक चिमुकला संगणक व त्याला जोडलेला रेडिओ. पहिल्या दोन वस्तु साध्या एल.ई.डी. दिव्यांतही असतात. ज्या निळ्या एल.ई.डी.मुळें पांढरा उजेड शक्य झाला, तिच्या शोधाबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शूजी नाकामुरा या तिघांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आणि जानेवारी २०१५ मध्यें सुरू झालेल्या 'उजाला' योजनेनें हे दिवे आपल्या देशांत घरोघर पोहोंचले. तेव्हां दिव्याचा देह आपल्या परिचयाचाच आहे. नवी आहे ती तिसरी वस्तु, म्हणजे त्याची ऐकण्याची शक्ति. आणि घोटाळे होतात ते बहुधा येथेंच.

आपण मोबाईलवर बोट ठेवितों. ती आज्ञा घरांतील राउटरकडे जाते. तेथून पुष्कळ प्रसंगीं दिवा करणाऱ्या कंपनीच्या दूरदेशींच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, जाते. तेथून परत आपल्याच राउटरकडे येते. आणि मग आपल्या डोक्यावर चार हातांवर असलेल्या दिव्यास पोहोंचते. हा सर्व प्रवास डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होत असल्यामुळें आपणांस त्याचा पत्ता लागत नाहीं. परंतु या सांखळींतील कोणतीही एक कडी निसटली कीं दिवा आपलें ऐकेनासा होतो, आणि आपण दोष मात्र दिव्याला देतों.

दोष कोणत्या कडींत आहे हें ओळखण्याची एक सोपी युक्ति आहे. घोटाळा झाला कीं प्रथम कशासही हात न लावतां पाहावें, कीं एकच दिवा बिघडला आहे, एका खोलींतले सारे बिघडले आहेत, कीं घरांतले यच्चयावत्‌ बिघडले आहेत. एकच असेल तर दोष त्या दिव्यापाशीं किंवा त्याच्या होल्डरपाशीं शोधावा. एका खोलींतले असतील तर रेडिओच्या लहरी तेथवर पोहोंचतात कीं नाहीं तें पाहावें. सर्वच असतील तर राउटर किंवा घराबाहेरची कडी तपासावी. पुढें असें विचारावें, कीं हा प्रकार केव्हांपासून, आणि त्याच्या आधीं घरांत काय बदललें? नंतर एका वेळीं एकच बदल करून पाहावा. एकदम चार बदल केले आणि दिवा सुधारला, तर तो कशानें सुधारला हें कळत नाहीं, आणि तोच घोटाळा पुन्हां झाला म्हणजे पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. शास्त्राच्या तासाला प्रयोगशाळेंत जी शिस्त शिकविली जाते, ती हीच; तिचा उपयोग घरीं होत नसेल तर ती शिकण्यांत काय अर्थ?

आतां नेहमीं आढळणारीं कारणें क्रमानें सांगतों. पहिलें कारण वीज. वैशाखाच्या शेवटीं नाशकांत वळवाचा पाऊस येतो, वारा सुटतो, आणि वीज जाते, येते, पुन्हां जाते. पुष्कळ स्मार्ट दिव्यांची अशी रचना असते कीं, वीज परत आली म्हणजे त्यांनीं पूर्ण प्रखरतेनें लागावें. त्यामुळें रात्रीं दोन वाजतां वीज आली कीं झोंपेच्या खोलींतला दिवाही भर दुपारसारखा लागतो आणि लेंकरें घाबरून उठतात. यांत भुताखेताचें काम नाहीं. दिव्याच्या ॲपमध्यें बहुधा 'वीज आल्यावर काय करावें' अशा अर्थाची सोय असते. तेथें 'पूर्वीच्या स्थितींत राहावें' असें ठरवून दिलें कीं हें थांबतें. आणखी एक गंमत अशी कीं, बटण लागोपाठ तीन ते पांच वेळां चालू-बंद केलें असतां कित्येक जातींचे दिवे आपली सारी ओळख विसरतात आणि नव्या धन्याची वाट पाहत लुकलुकूं लागतात. ही सोय मुद्दाम ठेविलेली असते. परंतु वादळांत वीज लागोपाठ येऊं-जाऊं लागली, किंवा रागानें आपण बटण दहादां खालींवर केलें, तर दिव्यास तीच आज्ञा वाटते. दिवा लुकलुकूं लागला म्हणजे तो बिघडला नसून विसरला आहे, असें समजावें व त्यास पुन्हां जोडून घ्यावें.

दुसरें कारण इन्व्हर्टर. भारनियमनाच्या दिवसांत आपण घरोघर इन्व्हर्टर घेतले, आणि त्यावर दिवे व पंखे जोडून घेतले. राउटर पुढें आला. तो साध्या प्लगवरच राहिला. वीज गेली कीं दिवा जिवंत, पण त्याचा निरोप्या मेलेला, अशी स्थिति होते. राउटरही इन्व्हर्टरवर घेतला कीं अर्धें दुखणें बरें होतें.

तिसरें कारण लहरींची पोंच. हे दिवे बहुतेक २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर ऐकतात. नवे राउटर २.४ व ५ अशा दोन्ही लहरींवर बोलतात, आणि दोहोंस एकच नांव दिलेलें असतें. दिवा प्रथम जोडतांना मोबाईल ५ वर असला तर कित्येक वेळां दिवा सांपडतच नाहीं. त्या वेळेपुरती ५ ची वाट बंद ठेवावी. जुन्या नाशकांतील वाड्यांच्या जाड विटामातीच्या व दगडी भिंतींतून या लहरी क्षीण होऊन जातात; म्हणून माजघरांतला दिवा ऐकतो आणि मागील पडवींतला ऐकत नाहीं. राउटर कपाटाच्या मागें किंवा जमिनीवर न ठेवतां घराच्या मध्यभागीं, उंच जागीं ठेवावा. मायक्रोवेव्ह भट्टीही याच २.४ च्या आसपास काम करते. तेव्हां स्वयंपाकघरांतला दिवा दूध तापवितांनाच कां रुसतो, याचें उत्तर तेथें मिळण्याचा संभव आहे.

चौथें कारण नांव व गुप्तशब्द. इंटरनेटची कंपनी बदलली, नवा राउटर आला, त्याचें नांव नवें, गुप्तशब्द नवा. आणि घरांतले सारे दिवे एका दिवसांत पोरके झाले! नव्या राउटरला जुनेंच नांव व जुनाच गुप्तशब्द दिला तर बहुतेक दिवे मुकाट्यानें परत येतात.

पांचवें कारण घड्याळ. या दिव्यापाशीं स्वतःचें टिकाऊ घड्याळ बहुधा नसतें. वेळ काय झाली हें तो इंटरनेटला विचारून घेतो. वीज आली आणि इंटरनेट आलें नाहीं, तर त्यास वेळ कळत नाहीं व ठरलेलें काम चुकतें. कधीं ॲपमध्यें देश किंवा कालविभाग चुकीचा राहून जातो. सायंकाळीं सातला लागावयाचा दिवा जर रोज नेमका रात्रीं साडेबारांस लागूं लागला, तर हिशेब करून पाहावा; आपली वेळ ग्रीनविचच्या पुढें साडेपांच तास आहे, आणि दिवा ग्रीनविचच्या वेळेनें सात वाजण्याची वाट पाहत आहे. भूगोलाच्या पुस्तकांतलें रेखांशाचें गणित असें अचानक माजघरांत उतरतें. तसेंच, नाशकांत डिसेंबरच्या आरंभीं सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या आरंभीं सव्वासातच्या सुमारास. म्हणून एकच वेळ बारमहा ठरवून ठेवणें योग्य नव्हे. सूर्यास्ताप्रमाणें लागण्याची सोय असल्यास आपलें गांव बरोबर नोंदविलें आहे ना, तें पाहावें.

सहावें कारण अनेक धनी. बाबांच्या मोबाईलमध्यें एक वेळ ठरविलेली, ताईच्या मोबाईलमध्यें दुसरी, आणि आवाजानें चालणाऱ्या यंत्रांत तिसरी. दिवा तिघांचेंही ऐकतो, आणि म्हणून कोणाचेंच ऐकत नाहींसा दिसतो. सर्व वेळापत्रकें एकाच ठिकाणीं ठेवून बाकीचीं पुसून टाकावीं. घर किंवा दिवा दुसऱ्याकडून घेतलेला असेल तर पूर्वीच्या मालकाचा ताबा त्यावर राहिला नाहीं ना, हेंही पाहावें.

सातवें व शेवटचें कारण तारा. बटण बंद केल्यावरही दिवा काजव्यासारखा मंद जळत राहिला, तर पुष्कळदां बटणांतील खुणेचा लहान दिवा किंवा फेजऐवजीं न्यूट्रलवर बसविलेलें बटण त्यास कारण असतें. यांपैकीं दुसरी गोष्ट धोक्याचीही आहे, कारण बटण बंद असलें तरी होल्डरांत वीज राहते. हें काम मुलांनीं करूं नये. परवानाधारक वायरमनला बोलवावें. जुन्या दिव्यासाठीं बसविलेल्या रेग्युलेटरवर हा दिवा लावूं नये. तो थरथरतो व लवकर मरतो. बंद कांचेच्या गोळ्यांतही त्याची उष्णता कोंडते आणि आयुष्य घटतें.

हीं झालीं घरांतलीं कारणें. तीं शोधतां येतात, म्हणून त्यांची फारशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. परंतु सांखळींतील जी कडी घराबाहेर आहे, तिचें काय? अमेरिकेंत 'इन्स्टिऑन' नांवाची एक कंपनी असे दिवे व बटणें विकीत असे. एप्रिल २०२२ मध्यें तिनें पूर्वसूचना न देतां आपले सर्व्हर बंद केले. लोकांच्या घरांतील दिवे शाबूत, तारा शाबूत, वीज शाबूत; पण मोबाईलवरून दिलेली आज्ञा पोहोंचेना आणि ठरविलेल्या योजना चालेनात. पुढें त्याच वर्षीं जूनमध्यें कांहीं ग्राहकांनींच ती कंपनी विकत घेतली आणि सेवा पुन्हां चालू केली. २० ऑक्टोबर २०२५ रोजीं ॲमेझॉन कंपनीच्या व्हर्जिनिया प्रांतांतील संगणककेंद्रांत बिघाड झाला, तेव्हां जगांतील अनेक सेवांबरोबर तिचें 'ॲलेक्सा' हें आवाजाचें यंत्रही अडखळलें, आणि त्याच्या भरंवशावर असलेले घरोघरचे दिवे हांकेला ओ देईनासे झाले. आपल्या नाशिकरोडजवळ एकलहऱ्यास विजेचें केंद्र उभें आहे. वीज आपल्या घरांत, भिंतींतल्या तारेंत, हजर आहे. आणि तरी माजघरांतला दिवा लागावा कीं न लागावा, याचा निकाल सात समुद्रांपलीकडे व्हावा, ही स्थिति विचार करण्यासारखी नाहीं काय?

दुसरीही एक गोष्ट आहे. जें यंत्र बाहेरची आज्ञा ऐकतें, तें परक्याचीही ऐकूं शकतें. २०१६ च्या ऑक्टोबरांत 'मिराई' नांवाच्या दुष्ट प्रोग्रामनें लोकांच्या घरांतील कॅमेरे व राउटर असंख्य संख्येनें ताब्यांत घेतले आणि त्यांच्याकरवीं मोठमोठीं संकेतस्थळें बंद पाडलीं. तीं यंत्रें त्याच्या हातीं लागलीं याचें मुख्य कारण इतकेंच, कीं कारखान्यांत घातलेला गुप्तशब्द मालकांनीं बदललाच नव्हता. दाराला कुलूप लावावें आणि किल्ली कुलुपांतच राहूं द्यावी, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून राउटरचा गुप्तशब्द बदलावा, आणि दिव्याचें ॲप वेळोवेळीं सुधारून घ्यावें.

येथें कोणी म्हणेल, कीं मग हे दिवे घरांत आणूंच नयेत, असें लेखकाचें म्हणणें दिसतें. तसें मुळींच नाहीं. अर्धांगानें अंथरुणास खिळलेला मनुष्य ज्या दिवशीं कोणास हांक न मारतां स्वतःच्या आवाजानें दिवा लावतो, त्या दिवशीं त्यास जें समाधान होतें त्याची किंमत करतां येणार नाहीं. ज्यास ऐकूं येत नाहीं त्यास दारावर कोणी आल्याची खूण दिव्याच्या उघडझांपीनें देतां येते. परगांवीं गेलेल्यास रिकाम्या घरांत दिवा लावून ठेवतां येतो. रात्रीं आजाऱ्याच्या खोलींत डोळ्यांस न खुपणारा मंद उजेड ठेवतां येतो. हे उपयोग खरे आहेत. विजेच्या बचतीविषयीं मात्र जाहिरातींत जें सांगतात तें तारतम्यानें घ्यावें. नऊ वॅटचा दिवा साठ वॅटच्या जुन्या दिव्याचें काम करतो, ही बचत एल.ई.डी.ची, ती साध्या दिव्यांतही होते. उलट स्मार्ट दिवा विझलेला असतांनाही आज्ञेची वाट पाहत जागा असतो. त्या जागरणास अर्धा वॅट धरला, तर चोवीस तासांत बारा वॅट-तास होतात. म्हणजे नऊ वॅटचा दिवा एक तास वीस मिनिटें जाळल्याइतकेच. एका दिव्याचें हें कांहीं मोठें ओझें नव्हे. पण न वापरलेल्या खोलींतले दहा दिवे बारमहा जागे ठेवण्यांत शहाणपण तें कोणतें?

तेव्हां वाद दिव्याशीं नाहीं. वाद आहे तो घरांत दिवा लावण्याचा अधिकार कोणाचा, याविषयीं. पूर्वीं तो सर्वांचा होता. नवा दिवा आणतांना आपण नकळत तो अधिकार ज्याच्यापाशीं मोबाईल आहे, ज्यास ॲप समजतें, ज्यास गुप्तशब्द ठाऊक आहे, अशा एका-दोघांच्या हातीं देतों. आजी, लहान बहीण, कामाला येणाऱ्या मावशी, रात्रीं मुक्कामास आलेला पाहुणा, हीं सर्व माणसें त्या दिवशीं अंधाराच्या बाबतींत परावलंबी होतात, आणि तीं तसें बोलूनही दाखवीत नाहींत; कारण नव्या वस्तूपुढें आपल्याला कळत नाहीं असें कबूल करण्याची त्यांस लाज वाटते. चिरंजीवांच्या अंगीं कांहीं दुष्टपणा नव्हता. त्यांनीं हौसेनें सोय केली, आणि ती करतांना घरांतील एक माणूस मोजावयाचें राहून गेलें. बहुतेक अन्याय जगांत असेच, मोजणींतून कोणी तरी राहून गेल्यानें, होत असतात.

प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत दिव्याचें उदाहरण घेतलें आहे. दिवा झांकून ठेवण्यासाठीं कोणी लावीत नाहीं. तो उंच ठेवितात तो घरांतील सर्वांस उजेड मिळावा म्हणून, असा त्याचा भावार्थ आहे. त्यांतील 'सर्वांस' या शब्दाकडे प्रस्तुत लेखकाचें लक्ष आजवर तितकें गेलें नव्हतें. दहा कुमारींचा दाखलाही आपण लहानपणापासून ऐकतों. पांच जणींनीं दिवे घेतले पण तेल घेतलें नाहीं, आणि नेमक्या वेळीं त्यांना दुसऱ्यांच्या तेलाची आशा करावी लागली. ज्या दिव्याचें तेल परक्याच्या घरीं आहे, त्याच्या भरंवशावर मध्यरात्रीची वाट चालूं नये, हा व्यवहारांतला बोध त्या दाखल्यांतून आजही घेतां येण्यासारखा आहे.

म्हणून आमच्या घरीं आतां तीन नियम केले आहेत; ज्यांस पटतील त्यांनीं ते आपल्या घरींही करून पाहावे. पहिला नियम असा, कीं कोणत्याही दिव्याच्या बटणावर 'हात लावूं नये' असें लिहावयाचें नाहीं. भिंतीवरचें बटण दाबलें कीं दिवा लागलाच पाहिजे. इंटरनेट असो वा नसो, मोबाईल असो वा नसो. हें साधण्याचा उत्तम मार्ग म्हणजे शहाणपण दिव्यांत न घालतां बटणांत घालावें, अर्थात्‌ दिवा साधा ठेवून भिंतींतलें बटण स्मार्ट घ्यावें. मात्र त्यासाठीं बोर्डांत न्यूट्रलची तार आहे कीं नाहीं तें वायरमनकडून पाहून घ्यावें. दिवाच स्मार्ट हवा असेल तर घरांतल्या घरांत आज्ञा ऐकणारा घ्यावा. ऑक्टोबर २०२२ मध्यें निरनिराळ्या कंपन्यांनीं मिळून 'मॅटर' नांवाचा जो सामाईक संकेत प्रसिद्ध केला, त्याप्रमाणें चालणाऱ्या दिव्यांस नित्याच्या आज्ञेसाठीं परदेशाची वारी करावी लागत नाहीं. दुसरा नियम असा, कीं जिना, न्हाणीघर आणि वृद्धांची खोली येथें 'घर रिकामें झालें कीं विझावें' ही योजना कदापि लावावयाची नाहीं. तिसरा नियम असा, कीं दिव्यांची एक लहान वही ठेवावयाची. कोणता दिवा कोठें, केव्हां काय झालें, काय केल्यानें सुधारलें, हें मराठींत, मोठ्या अक्षरांत, कोणासही वाचतां येईल असें लिहावयाचें. पहिल्या पानावर मातोश्रींच्या सांगण्यावरून एक वाक्य घातलें आहे: 'कांहीं सुचलें नाहीं तर बटण दाबावें.'

विद्यार्थिमित्रहो, यापुढें घरांत नवीं यंत्रें येतच राहतील, आणि तीं बसविण्याचें काम घरांतील वडील मंडळी तुमच्यावरच सोंपवितील, कारण तुम्हांस तीं लवकर समजतात. हा मोठा मान आहे. पण त्याबरोबर एक कर्तव्यही येतें. यंत्र बसवून झालें म्हणजे स्वतः चालवून पाहूं नका. घरांतील सर्वांत थकलेल्या किंवा सर्वांत लहान माणसाला हाक मारा, त्याच्या हातीं तें द्या, आणि आपण मुकाट्यानें बाजूस उभे राहून पाहा. त्यास तें कोणास न विचारतां चालवितां आलें तरच तुमचें काम पुरें झालें असें समजा. नाहीं आलें, तर चुकलें तें त्या माणसाचें नव्हे. तुमच्या कामांत अजून उणें आहे.

आमच्या घरचे सहाही दिवे अजून आहेत, आणि आतां ते चांगले वागतात. बटणांवरच्या चिकटपट्ट्या त्याच रात्रीं चिरंजीवांनीं स्वतः काढल्या. गोंदाचे डाग कांहीं पूर्ण निघाले नाहींत. मातोश्री दिवेलागणीस उठतात, त्या डागावर बोट ठेवून बटण दाबतात, आणि माजघरांत उजेड होतो.